हवेची पारी

पेटी घरात आली तेव्हा अर्धं गाव बघायला जमलं होतं. लोकांना वाटलं, नाटकवाल्यांची पेटी आली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकं होतात, तिथं पेटी-तबला वाजतो, म्हणून. ही पेटी तशी नव्हती. पांढरी, खाली चाकं असलेली, धानाच्या लहान्या कोठीएवढी. वायर लावली की घुंई घुंई करायची आणि एका बारीक नळीतून हवा सोडायची. ती नळी माझ्या बायकोच्या नाकात जायची.

बायकोनं जवानीपासून राइस मिलमध्ये काम केलं. धान भरडलं की कोंडा उडतो, तो झाडायचं काम बायांचं. संध्याकाळी घरी यायची तर भुवयासुद्धा पांढऱ्या. आमच्या काठ्यांच्या कुडाला लागून आपाचं घर. आपा म्हणजे पिंजाऱ्याची बायको, आता विधवा, लेकरू नाही. नवऱ्यासोबत बसून तिनं गावोगावच्या गाद्यांची रुई पिंजली. म्हातारपणी दोघींना एकाच वर्षी दम लागला. एकीच्या छातीत कोंडा, दुसरीच्या छातीत रुई. डॉक्टरनं रोग मात्र दोघींना एकच सांगितला.

तो डॉक्टर रोग्यांवर अभ्यास करणारा होता. त्याच्यासोबत एक पोरगी यायची, सर्वे करायची. चिमूरकडची होती, आमच्यासारखंच बोलायची, पण डॉक्टर सोबत असला की पुस्तकासारखं. तिनं शाळेच्या पडवीत गावातल्या खोकणाऱ्या म्हाताऱ्यांना बसवलं आणि एका नळीत फुंकायला लावलं. बोटाला चिमटा लावून आकडा बघितला. मग समजावलं. शहरातल्या माणसाला असा रोग झाला तर तो दवाखान्यातून हवेची पेटी घरी नेतो. जंगलातल्या माणसाला तीच पेटी दिली तर त्याचं जगणं सुधारते का, किती सुधारते, हे त्यांना मोजायचं होतं.

मी म्हटलं, "जगणं कशानं मोजता वं? पायलीनं का किलोनं?"

पोरगी हसली. "प्रश्नांनी मोजतो बाबा."

पेटी कोणाला आणि कोणाला नाही, हे कॉम्प्युटर ठरवणार होता. अर्ध्यांना आता, अर्ध्यांना वर्ष झाल्यावर. तोवर त्यांनी औषधावर आणि तोंडात मारायच्या पंपावर काढायचं. बायको आणि आपा एकाच बाकड्यावर मांडीला मांडी लावून बसल्या होत्या तेव्हा पोरगीनं वाचून दाखवलं. बायकोला पेटी. आपाला पंप.

आपा म्हणाली, "वा रे कॉम्प्युटर! मेरेकू पिचकारी दी, हिले मोटार."

सगळे हसले. बायको हसली नाही.

---

पेटी आली आणि आम्ही दोघं बांधले गेलो.

बायको नळीनं बांधली गेली. नळी चुलीपर्यंत पुरायची, नहाणीपर्यंत पुरायची, आणि दाराच्या उंबरठ्यावर संपायची. मी लाइटीनं बांधला गेलो. आमच्या गावात लाइट कधी जाईल हे लाइटवाल्यालाही माहीत नसते. लाइट गेली की पेटी टीं टीं ओरडायची. मग बाजूला ठेवलेल्या सिलिंडरची चावी फिरवून नळी तिकडं लावायची. चावी घट्ट. बायकोच्या बोटात तेवढा जोर राहिला नव्हता. म्हणजे मला घर सोडता येईना. शेत दुसऱ्याला वाहायला दिलं. तळ्यावर जाणं बंद झालं. पारावर बसलो तरी कान घराकडे. लोक बोलायचे आणि मी त्यांच्या बोलण्याच्या मागून टीं टीं ऐकायचो, नसली तरी. मग पारही सुटला.

आवाजाचं कोणाला सांगून समजणार नाही. दिवसभर घुंई घुंई. जेवताना घुंई घुंई. आमच्या घरामागच्या सांदवाडीत सकाळी पाखरं बोलत, ती ऐकू येईनाशी झाली. बायकोचा दम कमी झाला, ओठांचा काळेपणा गेला, हे खरं. पण चार भिंती, एक आवाज आणि आम्ही. कधी कधी मला वाटायचं, पेटी आम्हालाच भरडून राह्यली.

पोरगी महिन्याच्या महिन्याला बाजाराच्या दिवशी यायची. पेटीवर एक आकडा असायचा, किती तास चालली त्याचा. तो लिहून घ्यायची आणि मग प्रश्न विचारायची.

"आजी, मागच्या महिन्यात तुम्हाला जावंसं वाटलं तिथं जाता आलं का?"

"आलं न वं. चुलीजवळ गेली, नहाणीत गेली. एक डाव दारात गेली, तिथून पाटलाची म्हैस पायली."

"मग समाधानी, थोडं समाधानी, का असमाधानी?"

"म्हशीबद्दल का?"

पोरगी तोंडावर ओढणी धरून हसायची. "जगण्याबद्दल आजी."

"लिव्ह मधलं."

मग मला विचारायची, घरात सांभाळणाऱ्या माणसाचेही प्रश्न होते. "बाबा, तुम्हाला अडकून पडल्यासारखं वाटते का? कधीच नाही, कधी कधी, का नेहमी?"

मी बायकोकडे पाहिलं. म्हटलं, "लिव्ह, कधी कधी."

"खोटं काऊन सांगता?" बायको म्हणाली. "नेहमी लिव्ह वं पोरी. दावणीचा बैल तरी पान्यावर जाते, हा माणूस थे बी जात नाई."

---

आपा सांदवाडीच्या कुडातल्या फटीतून यायची. आधी रोज यायची, मग दम वाढला तसं येणं कमी झालं. पावसाळा संपत आला असताना एक दिवस आली ती फटीतच बसली. मी हात धरून आत आणली. तोंड उघडं, डोळे बाहेर, शब्द निघेना. पंप मारला, काही फरक नाही.

बायकोनं नाकातली नळी काढली.

"घे, ओढ."

आपानं हात हलवला. थोडा श्वास जमला तेव्हा म्हणाली, "नको बाई. तुह्या नावाची हाय थे."

"नाव पेटीवर हाय. हवेवर कोणाचं नाव हाय?"

मी मध्ये बोललो. "आपण लिहून देल्लं हाय. दुसऱ्या कोणाले लावायची नाई."

"तुमी सही केली. मी अंगठा देल्ला. अंगठ्यानं मी अजून कोणाचा गळा दाबला नाई." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "इतले वर्सं तळ्याचं पाणी वाटलं तुमी. तिथी पारी चालते, मंग इथी काऊन नाई?"

हे सांगावं लागेल. आमच्या गावाला एक जुनं तळं आहे. त्याच्या पाण्यावर सगळ्यांचं धान. पाणी कमी पडते तेव्हा पारी लागते, म्हणजे ज्याची त्याची वेळ ठरते. ज्याची पारी, त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी. बाकीच्यांनी हात बांधून उभं राहायचं. हे वाटण्यासाठी गाव एक माणूस ठेवते, त्याला पाणकर म्हणतात. म्हातारा होईतोवर मी गावचा पाणकर होतो. आणि पारीचा एक कायदा आहे, कोणी लिहिलेला नाही. एखादा बिमार पडला, मयतीला गेला, त्याच्या पारीला हजर नसला, तरी त्याचं पाणी त्याचंच. दुसऱ्यानं ते घ्यायचं नाही. घेतलं तर गाव त्याच्या घरी पाणी पीत नाही.

पोरगीनं जास्तीच्या नळ्या देऊन ठेवल्या होत्या. त्यातली एक आपाची झाली. बायकोनं तिला हिरवा धागा बांधला, अदलाबदल होऊ नये म्हणून. सकाळी चूल पेटल्यापासून ऊन अंगणात येईतोवर आपाची पारी, मग बायकोची. पुन्हा दुपारी जेवण झाल्यावर थोडी आपाची. बाकी सगळा वेळ, रात्र धरून, बायकोची. मी पाणकर. नळ्या बदलायच्या, लाइट गेली की चावी फिरवायची. आधी एकीला बांधलो होतो, आता दोघींना.

पण खरं सांगतो, ते दिवस बरे गेले. आपा नळी लावून माझ्यावर तोंड सोडायची.

"भाऊ, तुमच्या हवेत मीठ कमी हाय."

"फुकटची हाय, गिळ."

"बाई, तुझा माणूस बहुत खडूस हाय गं. कैसे काढली तू इतली उमर?"

"कोंडा समजून झाडला," बायको म्हणायची.

पोरगी यायच्या दिवशी आपा आपल्या घरी थांबायची. आम्ही कोणाशी खोटं बोललो नाही. कोणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. पोरगी पेटीचा आकडा बघून खूश. म्हणायची, "आजी, तुमच्यासारखी पेटी कोणी वापरत नाही. बाकीचे तर कपडा झाकून ठेवतात." मग आपाकडे जाऊन तिच्या बोटाला चिमटा लावायची आणि नवल करायची. "तुम्हाला पंप चांगलाच लागू पडला."

"हाव न बेटी," आपा म्हणायची. "हात गुणाचा लागते."

---

एक दिवस ती वेळ सोडून आली, डॉक्टरला घेऊन. गाडीचा आवाज पेटीच्या आवाजात ऐकू आला नाही. दारात उभे राहिले तेव्हा आपा खाटेवर नळी लावून पडलेली, आणि बायको चुलीजवळ बसून लाखोळीची डाळ निवडून राह्यली होती.

पोरगीचा चेहरा उतरला. हिरवा धागा बघितला, पेटीवरचा आकडा बघितला, आणि तिला सगळं समजलं. आपा उठून बसायला गेली तर डॉक्टरनं हातानं थांबवलं. "राहू द्या. आता काढू नका." मग तो खाली जमिनीवर बसला. मी पाट दिला, घेतला नाही.

"किती दिवस चाललं आहे हे?"

बायको म्हणाली, "पाऊस उतरला तवापासून."

डॉक्टर म्हणाला, "मी रागावलो नाही आजी. पण ऐकून घ्या. पेटीनं फरक पडतो हे मला सरकारला दाखवायचं आहे. ते दाखवलं तर तालुक्यातालुक्यात पेट्या येतील. फरक दाखवायला एक बाई पेटीवाली लागते आणि एक बिनपेटीची. तुम्ही दोघींनी वापरली. आता माझ्या कागदावर तुम्ही दोघी सारख्याच. म्हणजे पेटी दिली काय आणि नाही दिली काय, सारखंच, असं निघतं."

"दोघी बी बऱ्या झालो," बायको म्हणाली, "अन् कागद म्हणते काई झालं नाई?"

"हो आजी. कागद तसंच म्हणतो."

"मंग कागद बदला."

"तो मला बदलता येत नाही. तसा बदलला तर तो खोटा होतो. आणि मग एटापल्लीकडच्या, कोरचीकडच्या बायांना पेटी मिळायची नाही. तिथं तर अजून कोणी पोचलेलंच नाही."

बायकोच्या हातात डाळ तशीच राहिली.

डॉक्टर खोटं बोलत नव्हता. हेच वाईट होतं. लबाड असता तर मी दोन शिव्या हाणून मोकळा झालो असतो. पण त्याचंही खरं होतं आणि बायकोचंही खरं होतं, आणि मी मध्ये नळी धरून उभा.

जाताना तो म्हणाला, वर विचारावं लागेल. ठरेतोवर पेटी इथंच राहील, पण फक्त आजींसाठी. पुन्हा दुसऱ्या कोणी लावली तर त्याला ती उचलून न्यावी लागेल. त्याचेही हात बांधलेले आहेत.

आपानं नळी काढून खिळ्याला अडकवली. "मी नाई येत आता," ती म्हणाली. "पेटी गेली त दोघी बी जाऊ. एक तरी राहू दे."

कुडाच्या फटीतून गेली. मला तिला धरायला जावंसं वाटलं. गेलो नाही. पोरगी बघत होती.

---

दुसऱ्या दिवशी चूल पेटली तशी बायकोनं नळी काढली आणि पेटीचं बटण बंद केलं.

घर एकदम चूप झालं. इतके महिने मी त्या शांततेसाठी तरसलो होतो. आता ती आली तर अंगावर काटा आला.

"काय झालं? लाव नळी."

"माही पारी नाई."

"आपा येत नाई आता. तुह्यासमोर बोलली थे."

"नाई आली त का झालं? बिमार माणसाच्या बांधीचं पाणी तुमी दुसऱ्याले देल्लं का कधी?"

"पाणी बांधीत थांबते. हवा थांबते का?"

"नाई थांबत. त मी का करू?"

मी ओरडलो. तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी नळी तिच्या नाकाशी धरली, तिनं हातानं सारली. दम लागलेला, ओठ काळे पडत चाललेले, आणि आपाची पारी संपेतोवर तिनं नळीला हात लावला नाही. ऊन अंगणात आलं तशी स्वतःच उठली, बटण दाबलं, नळी लावली.

रोज असंच. मी समजावलं, रागावलो, एकदा हात जोडले. कोरपन्याला माझी पोरगी दिली आहे, तिला फोन केला. ती फोनवर रडली. आईला काही फरक नाही. आमच्या घरात सकाळी आणि जेवणानंतर पेटी बंद व्हायची आणि कुडाच्या इकडून एक खोकला, कुडाच्या तिकडून एक खोकला. मी मध्ये. हवा कोणालाच नाही. अशी पारी मी माझ्या जन्मात पाहिली नव्हती.

आपाला समजायला वेळ लागला नाही. पेटीचा आवाज तिच्या घरी पोचायचा.

"भाऊ," तिनं कुडापलीकडून विचारलं, "लाइट गेली का?"

"हाव, गेली."

"माझ्या घरी त बल्ब जळून राह्यला, भाऊ."

मग ती कुडाशी येऊन बसली. उभं राहून भांडायचा दम नव्हता तिच्यात.

"बाई, लगा ले ना. मेरे वास्ते काहेको मरती?"

"तू तुह्या घरी बस."

"मै हाथ जोडती."

"जोड नं. मी का आंधळी हावो, दिसते मले. पण पारी तुही हाय."

"मैने दी तुझको. ले, छोडी मेरी पारी."

"पारी सोडता येत नाई. ईच्यार पाणकराले."

दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या, एक खाटेवरून, एक फटीतून. आणि खरंच, पारी सोडता येत नाही. पारी सोडायची मुभा दिली की धाकदपटशा करणारा दुसऱ्याची पारी सोडवून घेतो, म्हणून गावानं तसं ठेवलंच नाही. हे मीच पन्नास जणांना तळ्याच्या पाळीवर उभं राहून सांगितलेलं. मला तेव्हा खोटं बोलायला हवं होतं. माझ्या तोंडातून निघालं नाही.

---

बायको थंडीत गेली. सकाळच्या वेळी नाही. दुपार कलली होती, तिचीच पारी होती, नळी नाकात होती, पेटी चालू होती. दोन दिवस ताप होता. दवाखान्याची गाडी बोलावली होती, ती निघाली आहे असं सांगत होते. तिनं मला पाणी मागितलं. मी लोटी घेऊन आलो तर मान कलंडलेली. पेटी घुंई घुंई करत हवा सोडतच होती, आणि घेणारं कोणी नव्हतं.

बाया जमल्या. खाटेवरून खाली भुईवर घेतली. कोणीतरी म्हणालं, ते यंत्र बंद करा आता. मी पेटीपाशी गेलो. बटण ओळखीचं, रोजचं. हात जाईना. जसं काही मी दाबलं तर तिचा जीव मीच घेतला असं होणार होतं. तेवढ्यात आपा फटीतून आली. कोणाच्या आधाराशिवाय आली. तिनं बटण दाबलं, नळी काढली, हातावर गुंडाळली, आणि बायकोच्या पायाशी बसली. तिला रडता येत नव्हतं. रडायलाही हवा लागते.

तेरवी झाली. पाहुणे गेले. माझी पोरगी म्हणाली, बाबा, चला कोरपन्याला. मी म्हटलं, येतो, दोन दिवसांनी. ती गेली आणि त्याच दिवशी मी पेटी चाकांवर ओढत आपाच्या घरी नेली. फटीतून जात नव्हती म्हणून कुडाच्या चार काठ्या मोडल्या. सिलिंडर खांद्यावर नेला. आपा नाही नाही म्हणत होती. मी म्हटलं, "चूप बस. बायको गेली, पारी कोणाची राहिली नाई आता. ओढ." तिनं ओढली. हळूहळू ओठांवर रंग आला. मी तिच्या पडवीत बसलो, दार सताड उघडं ठेवून, कारण विधवेच्या घरी म्हातारा बसला तरी गावाला काम मिळते.

काही दिवसांनी सर्वेवाली पोरगी आली. सोबत गाडी, ड्रायव्हर. आमच्या घरी मला शोधलं, मग कुडाच्या मोडलेल्या काठ्या बघितल्या आणि सरळ आपाकडे आली. आधी माझ्याजवळ बसून रडली. मी म्हटलं, "डोळे पूस. काय ते सांग."

वरून निरोप आला होता. दोघींची नावं अभ्यासातून काढली. रागानं नाही, हिशोबात बसत नाहीत म्हणून. डॉक्टरनं आपल्या सहीनं आपासाठी सरकारी दवाखान्यात वेगळा अर्ज टाकला होता, तिथून पेटी मिळेल, पण केव्हा ते सांगता येत नाही. आणि ही पेटी पुढच्या नावाला द्यायची होती. एटापल्लीच्या पुढची एक माडिया बाई.

"नाई नेत," मी म्हटलं. "ही बाई इथी माझ्यासमोर हाय. थे बाई मले माहीत नाई."

"बाबा, ती झोपू शकत नाही. आडवी झाली की जीव जातो तिचा. बसून रात्र काढते."

"मंग दुसरी पेटी आणा तिले."

"दुसरी नाही बाबा. असती तर मी इथं आली नसती."

मी पाणकर होतो तेव्हा एक गोष्ट सोपी होती. तळ्याच्या पाळीवर उभं राहिलं की सगळ्यांच्या बांध्या दिसायच्या. कोणाचं धान हिरवं, कोणाचं पिवळं, डोळ्याला दिसायचं. इथं मला आपा दिसत होती. ती बाई दिसत नव्हती. न दिसणाऱ्यासाठी दिसणाऱ्याच्या नाकातून हवा काढा म्हणायला आले होते. मी तसंच म्हणालो पोरगीला.

तिनं वाद घातला नाही. मोबाइल काढला आणि फोटो दाखवला. कुडाच्या भिंतीला पाठ लावून बसलेली बाई. माझ्या बायकोपेक्षा लहान. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर चढलेले, मानेच्या शिरा दोरीसारख्या. तसं बसणं मला चांगलं ओळखीचं होतं.

तिनं तो फोटो दाखवायला नको होता.

आपानंही बघितला. हातात घेऊन, डोळ्यांजवळ नेऊन. मग नाकातली नळी काढली.

"ले जा बेटी."

"आपा, थांब," मी म्हटलं.

"काहेको थांबू? तुम भी देखे ना?"

मी देखलं होतं. ड्रायव्हरनं एकट्यानं उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मी दुसरी बाजू धरली. आम्ही दोघांनी पेटी गाडीत ठेवली, सिलिंडर ठेवला, चावी पोरगीच्या हातात दिली आणि सांगितलं, चावी घट्ट आहे, तिथं कोण फिरवणार ते आधी बघून घे. ती म्हणाली, त्या बाईचा जावई आहे. मी म्हटलं, त्याला सांग, गावात जाऊ नको, घर सोडू नको. त्याला आत्ता समजणार नाही, पण सांग.

गाडी गेली. आपा पंप मारून बसली.

तेव्हापासून आपाच्या अर्जाची वाट पाहणं चालू आहे. सर्वेवाली पोरगी कधी फोन करते. म्हणते, वर गेला आहे, खाली आला आहे, सहीला आहे. माझी पोरगी कोरपन्याहून फोन करते. म्हणते, बाबा, आता तिथं काय आहे तुमचं? खरं आहे, काही नाही. शेत दुसरा वाहतो, तळ्यावर दुसरा पाणकर आहे, बायको नाही, पेटीही नाही. पायात दावं नाही, जिकडं जायचं तिकडं जाऊ शकतो. पण आपाची पेटी उद्या आली आणि लाइट गेली तर चावी कोण फिरवेल? शेजारची माणसं चांगली आहेत, पण ती दिवसभर शेतात. मी माझ्या पोरगीला हे सांगत नाही. म्हणतो, येतो, दोन दिवसांनी.

मोडलेल्या काठ्या मी पुन्हा लावल्या नाहीत. सकाळी माझ्या अंगणात बसतो, ती तिच्या. दोघांनाही रस्ता दिसत नाही, आवाज येतो. मोडलेल्या कुडातून ती विचारते,

"भाऊ, गाडी आली का?"

"नाई. दुधाची होती."

"अच्छा."

मग थोडा वेळ खोकते. आणि पुन्हा,

"भाऊ, हे आता?"

"थे ट्रॅक्टर हाय, आपा. तू बोलू नको, दम वाचव."